दोरीची म्होरकी आणि बारा फुटी दोर: घोडीच्या पायाभूत शिक्षणासाठी घेतलेला संच

पाठीवर खोगीर चढवण्यापूर्वी घोड्याला जमिनीवर उभे राहून जे शिकवायचे असते, त्यासाठी लागणारे साहित्य फार थोडे आहे. गाठी मारलेली दोरीची म्होरकी (घोड्याच्या तोंडावर आणि कानांमागे बसणारा, लगामाविना बांध) आणि तिला अडकवलेला बारा फुटी दोर, एवढ्यावर बहुतेक काम भागते. कानपुरात तयार झालेला असा एक संच मी ऑनलाइन मागवला आणि सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेल्या चार वर्षांच्या मारवाडी घोडीसाठी पावसाळ्याच्या आधीपासून तो वापरत आहे.

घोडीची पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण साधनाची पारख तिच्यावरच झाली. तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या त्या बाजारात रेवाल चाल (स्वाराला हिसके न बसणारी चाल) आणि नाच यांना भाव मिळतो, आणि तो मिळवण्यासाठी काही जण काटेरी लगाम वापरून जनावराला घाईने तयार करतात. वास्तविक ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामाला मनाई केलेली आहे. या घोडीच्या जिवणीच्या कोपऱ्यांत जुने व्रण होते आणि तोंडाकडे हात गेला की ती मान उंच करून मागे सरत असे. म्हणून सुरुवातीचे शिक्षण लोखंडाशिवाय, तोंडाला स्पर्श न करता करायचे ठरवले.

या म्होरकीचे तत्त्व सोपे आहे. साध्या रुंद पट्ट्याच्या म्होरकीत ओढ सगळीकडे पसरते, त्यामुळे घोडा तिच्यावर रेलून उभा राहू शकतो. बारीक दोरीत तीच ओढ नाकाडाच्या हाडावर आणि कानांमागे अरुंद जागी जाणवते, आणि घोड्याने किंचित मान झुकवली की ती तत्क्षणी नाहीशी होते. घोडा ओढीमुळे शिकत नाही, ओढ संपल्यामुळे शिकतो; त्यामुळे या संचातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे म्होरकी नसून दोर आहे, असे माझे मत झाले. साधारण चौदा मिलिमीटर जाडीचा, दुहेरी विणीचा हा पॉलिएस्टरचा दोर वजनदार आहे. हात सैल सोडला की तो हनुवटीखाली लगेच झोळ घेऊन लोंबतो, आणि आता काही मागणे उरलेले नाही हे घोडीला स्पष्ट कळते. पूर्वी वापरलेला सुती दोर हाताला मऊ होता, परंतु पावसात भिजला की जड होऊन फुगत असे आणि हाताची सूचना टोकापर्यंत उशिरा पोहोचत असे. हलका नायलॉनचा दोर तर सैल सोडल्यावरही हवेत वळवळत राहतो, आणि घोड्याने झटका दिला तर तळहात सोलवटून काढतो.

प्रत्यक्ष काम अगदी संथ गतीने चालले. प्रथम केवळ मान खाली घेणे, मग दोर किंचित हलवल्यावर एक पाऊल मागे, त्यानंतर मागचे धड बाजूला सरकवणे, असा क्रम ठेवला. एका पावलाचा प्रयत्न दिसताच दोर सैल सोडायचा आणि थोडा वेळ काहीही न मागता उभे राहायचे, हा नियम पाळला. डाव्या बाजूने शिकवलेले उजव्या बाजूने जवळजवळ नव्याने शिकवावे लागते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला कपाळासमोरचे थोडे आणि शेपटीमागचे क्षेत्र दिसत नाही. म्हणून जवळ जाताना नेहमी खांद्याच्या दिशेने गेलो. ताडपत्रीवरून चालवण्याच्या टप्प्यावर या दोराची लांबी उपयोगी पडली, कारण घोडी बुजून बाजूला उडाली तरी तिला जागा देता आली आणि दोर हातातून सुटला नाही. आता ती आपणहून मान खाली आणून म्होरकीत नाक घालते. याचे श्रेय केवळ साधनाला देता येणार नाही, पण साधनाने अडथळा आणला नाही, हे मान्य केले पाहिजे.

उणिवांकडे वळायचे तर, संचाबरोबर मापाची आणि बांधणीची कोणतीही माहिती येत नाही, हा माझ्या दृष्टीने गंभीर दोष आहे. नाकावरची दोरी गालाच्या हाडाच्या टोकापासून सुमारे दोन बोटे खाली, हाडावरच बसली पाहिजे; ती आणखी खाली उतरली तर नाकपुडीच्या वरच्या मऊ भागावर दाब येतो. कानांमागून आलेली दोरी गालाजवळच्या फाशातून ओवून तिची गाठ त्या फाशाच्या खालच्या बाजूने मारायची आणि दोरीचे मोकळे टोक डोळ्यापासून दूर, मागे वळलेले ठेवायचे असते. फाशाच्या वर मारलेली गाठ ओढ बसल्यावर इतकी आवळते की ती सुटता सुटत नाही. याहून महत्त्वाची सूचना अशी की ही दोरी तुटत नाही. त्यामुळे ही म्होरकी घालून घोड्याला खुंट्याला पक्के बांधणे, गाडीतून नेणे किंवा तबेल्यात मोकळे सोडणे धोक्याचे आहे. त्यासाठी चामड्याची म्होरकीच हवी. मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाला, हे वेगळे बजावून सांगावे लागते, कारण अगाडी-पिछाडीची (पुढून आणि मागच्या पायांनी घोडा बांधण्याच्या दोऱ्यांची) सवय असलेला माणूस हाताला येईल त्या दोरीने जनावर बांधतो. दोर हाताला गुंडाळून धरू नये, हेही त्याच वेळी सांगावे.

दोराच्या टोकाचा पितळी आकडा भक्कम आहे, पण गरजेपेक्षा जड आहे. दोर हलवला की तो हनुवटीवर आपटतो आणि नाजूक घोडीला ती सूचना नको इतकी मोठी वाटते. मी तो काढून टाकला आणि दोर थेट म्होरकीच्या हनुवटीखालच्या फाशात ओवून घेतला. वर्तुळात दुडकी चालवण्यासाठी बारा फूट अपुरे आहेत. इतक्या लहान वर्तुळात तरुण घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो, तेव्हा त्या कामासाठी बावीस फुटी दोर वेगळा घ्यावा. रंग एका पावसाळ्यात फिकट झाला, त्याची मला खंत नाही.

किंमत दीड हजार रुपयांच्या आत आहे आणि विणीचा दर्जा पाहता ती रास्त वाटते. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे तोंड निमुळते असल्यामुळे मोठे माप मागवू नये. मध्यम माप घेऊन गाठी थोड्या सरकवल्या की ते व्यवस्थित बसते. नव्या दोरीच्या गाठी पहिल्या काही वापरांत सैल होतात, त्यामुळे दर वेळी म्होरकी चढवण्यापूर्वी नाकावरची दोरी पुन्हा तपासून घ्यावी.