विहिरीत सोडायचा ड्रोन: काही महिने वापरल्यावर

तयार पाण्याखालचा ड्रोन मागवायचा तर गोष्ट लाखांत जाते. म्हणून पीव्हीसी पाइपचा सांगाडा, सहा ए-2212 मोटरी (उडत्या ड्रोनच्या लहान ब्रशलेस मोटरी), रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणि पिक्सहॉक (मोटरींचं नियंत्रण करणारा बोर्ड) अशी जुळणी घरीच केली. तीसेक हजार गेले. वापर मुख्यतः गावच्या विहिरीत, आणि हिवाळ्यात मालवणला.

लोक मोटरींवर तासन्‌तास वाद घालतात, पण यंत्र कुठवर पोचणार हे ठरवते केबल. 2.4 गिगाहर्ट्झचा (वायफायचा) सिग्नल पाण्यात वीतभर गेला की संपलाच, त्यामुळे व्हिडिओ आणि कमांड दोन्ही कॅट-6 वायरीतून, म्हणजे इंटरनेटच्या जाड नेटवर्क केबलमधून. ही वायर पाण्यात बुडते आणि तळाच्या दगडांत जाऊन बसते. थोड्या-थोड्या अंतरावर फोमचे तुकडे बांधले की सुधारते, तरी वळताना तिची ओढ जाणवतेच. शिवाय आवरणाला बारीक चीर पडली की पाणी आतल्या तारांच्या फटींतून सरकत थेट इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यात उतरतं. बाहेरून इपॉक्सी कितीही थापा, उपयोग नाही. वायर डब्यात शिरते तिथे आवरण सोलायचं, आठही तारा सुट्या करायच्या आणि इपॉक्सी त्यांच्या मधून ओतायचं. किचकट काम आहे, पण इथे कंजुषी नको.

डबा बंद झाला की ब्रेक ब्लीड करायच्या हातपंपाने आतली हवा ओढतो. पंपावरचा निर्वात दाबाचा काटा 10 इंचांवर (पाऱ्याच्या) आणून पंधरा मिनिटं ठेवायचा. अर्ध्या इंचाहून जास्त घसरला तर ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) काढून पुसायची. बहुतेकदा एखादा केस नाहीतर वाळूचा कण सापडतो.

ब्रशलेस मोटरी उघड्याच पाण्यात चालतात, वाइंडिंगवर (आतल्या तांब्याच्या तारेवर) इनॅमलचा लेप असतो. गोड्या पाण्यात तक्रार नाही. मालवणच्या खाऱ्या पाण्यातून काढल्यावर मात्र लगेच साध्या पाण्यात फिरवून तेल सोडलं नाही, तर बेअरिंग दुसऱ्या दिवशी खरखरतं. बेअरिंगचे जोड जवळ ठेवाच. आणि मोटरीचे 1000 केव्ही (म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे) पाण्यासाठी जरा जास्तच. पंखा लहान लावा, थ्रॉटलला मर्यादा घाला, नाहीतर ईएससी (मोटरीचा वेग ठरवणारं सर्किट) तापतो. पिक्सहॉकवरच्या आर्डूसब या सॉफ्टवेअरबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण ते मुकाट्याने चालतं.

तरंगण्याचं गणित मजेशीर आहे. मऊ फोम खोलात दबतो: 10 मीटरवर एकूण दाब दुप्पट होतो आणि ड्रोन जड होऊन खाली जायला लागतो. मी वर टोप्या बसवलेले बंद पाइप लावले, ते दबत नाहीत. विहिरीत नीट तोललेला ड्रोन समुद्रात मात्र वर येतो. पाच लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या यंत्राला तिथे साधारण सव्वाशे ग्रॅम शिसं जास्त लागतं.

दिवे कॅमेऱ्याला चिकटून लावू नका, गाळाचे कण उजळतात आणि पडदा पांढरा होतो. दोन्ही बाजूंना हातभर लांब काढले तेव्हा पंपाच्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीवर साचलेला पालापाचोळा स्पष्ट दिसला. मामा काठावर म्हणाले, "एवढ्यात गळ टाकून बादली पण निघाली असती." बादली काढायला याला पकडच नाही, हे खरं. पण जाळी कशाने चोंदली ते मोटर न उपसता कळलं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर कुठल्या बाजूचा झरा चालू आहे तेही मामांनी स्क्रीनवरच पाहिलं. पावसाळ्यात पाणी गढूळ असताना सोडूच नका, तपकिरी पडद्याशिवाय काही दिसत नाही.