एलजी २४जीएस६०एफ : पॅनेल फर्स्टक्लास, स्टँड यथातथा

एलजी अल्ट्रागियर २४जीएस६०एफ हा २३.८ इंची, १९२० बाय १०८० रिझोल्यूशनचा, १८० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १८० वेळा चित्र बदलू शकणारा) आयपीएस मॉनिटर; आयपीएस हा पॅनेलचा, म्हणजे मूळ पडद्याचा, एक प्रकार. सणासुदीच्या सेलमध्ये दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे मिळतो, एरवी थोडा वर. या भावात पॅनेल फर्स्टक्लास आहे. रंग नीट, हालचाल स्वच्छ. कंजुषी केली आहे ती स्टँडमध्ये. तो फक्त पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही. त्यावर उपाय आहेत आणि ते पुढे येतीलच. आधी खोक्यावरच्या हर्ट्झच्या मोठ्या आकड्याचं बघू, कारण या वर्गात पैसे वाया जातात ते बहुतेक त्यापायीच.

६० हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, पडद्यावर १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९ आणि १८० वर ५.६. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात की प्रत्येक फ्रेममागे जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात. हा फरक कुणालाही दिसतो. माऊसचा बाण पडद्यावर गरगर फिरवला तरी कळतो. १४४ वरून १८० वर गेल्यावर वाचतात जेमतेम १.४ मिलिसेकंद. १८० वरून २४० वर गेलात तर पुन्हा तेवढेच. त्यामुळे दुकानदार '१४४ आता जुनं झालं' म्हणाला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. १४४ चा चांगला आयपीएस हजार-दीड हजारांनी स्वस्त मिळत असेल तर तो खुशाल घ्यावा. एलजीच्या या मॉडेलची बाजू घ्यायची ती १८० साठी नाही, पॅनेलसाठी.

पॅनेलचा प्रकार खोक्यावर बरेचदा ठळक लिहिलेला नसतो. तो ओळखायची सोपी खूण म्हणजे तांत्रिक तक्त्यातला काँट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातल्या उजेडाचं प्रमाण. १०००:१ च्या आसपास असेल तर आयपीएस, ३०००:१ किंवा ४०००:१ असेल तर व्हीए, हा पॅनेलचा दुसरा प्रकार. स्वस्तातला वक्र पडदा दिसला की तो व्हीएच समजा. व्हीए वाईट असतो असं नाही. रात्री दिवे मालवून सिनेमा बघायचा असेल तर त्याचा काळा रंग आयपीएसपेक्षा कितीतरी खोल दिसतो. पण स्वस्त व्हीएचे पिक्सेल काळ्यातून करड्यात यायला फार वेळ घेतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला रंग बदलायला ६.९ मिलिसेकंद मिळतात, आणि गडद छटांमध्ये या पॅनेलला त्याच्या दुपटी-तिपटीने वेळ लागतो. परिणाम असा, की गेममधल्या अंधाऱ्या बोळात मान वळवली की भिंतीच्या कडेमागे काळा फराटा ओढला जातो, ओलं काजळ बोटाने पुसल्यासारखा. उजेडातल्या दृश्यात हे जाणवत नाही. त्यामुळे दुकानात रंगीबेरंगी डेमो बघून मॉनिटर पसंत पडतो आणि घरी पहिल्या रात्री खेळताना डोकं फिरतं.

खोक्यावरचं '१ एमएस' हेही असंच फसवं. त्यापुढे 'जीटीजी' असेल तर तो पिक्सेलने एका करड्या छटेतून दुसरीत जाण्याचा सर्वात चांगला आकडा, बहुधा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलावा म्हणून दिलेला जादा जोर) टोकाला नेऊन मोजलेला. 'एमपीआरटी' असेल तर तो पॅनेलचा वेग नव्हेच. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, दर फ्रेमला क्षणभर विझवून हालचाल ठळक दाखवायची ती युक्ती. ती चालू केली की उजेड कमी होतो, आणि या किमतीच्या बहुतेक मॉनिटरवर ॲडॅप्टिव्ह सिंक (गेमच्या फ्रेमच्या वेगाशी मॉनिटरचा वेग जुळवणारी सोय) बंद करावं लागतं. दोन्हींत निवडायचं तर सिंक ठेवा. टीएन या तिसऱ्या, जुन्या प्रकारच्या पॅनेलचा विचार आता करू नये. खुर्चीत जरा खाली सरकलं तरी त्याचे रंग बदलतात, आणि आयपीएस याच भावात मिळत असताना त्याचं काही काम उरलेलं नाही.

आता हा मॉनिटर नीट लावण्याबद्दल. 'नवा घेतला, पण काही फरकच दिसत नाही' या तक्रारीचं कारण मॉनिटरमध्ये क्वचितच सापडतं. केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावायची. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला मदरबोर्डचे पोर्ट असतात आणि सवयीने हात तिकडेच जातो. केबल डिस्प्लेपोर्टची वापरा. एचडीएमआय २.० ला १०८० वर २४० हर्ट्झपर्यंत झेपतं, पण जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ बहुधा १२० वर अडकतो. घरात पडलेली जुनी केबल कोणत्या आवृत्तीची हे तिच्याकडे बघून कळत नाही. शिवाय कार्ड एनव्हिडियाचं असेल तर या वर्गातल्या मॉनिटरवर सिंक मिळतं ते डिस्प्लेपोर्टवरूनच. २०१९ च्या जानेवारीपासून जीटीएक्स १० मालिकेला आणि पुढच्या कार्डांना ती सोय आहे. एएमडीचं कार्ड एचडीएमआयवरूनही फ्रीसिंक (सिंकचं एएमडीचं नाव) चालवतं.

मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडा, हाताने १८० करा. विंडोज बरेचदा आपलं ६० वर बसून राहतं. त्यानंतर गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्येही बघा, काही गेम फुलस्क्रीनमध्ये स्वतःचा दर धरून बसतात. खात्री करायला ब्राउझरमध्ये टेस्ट यूएफओ ही साइट उघडा, तिथे उडत्या तबकड्या सरकताना दिसतात. सर्वात वरच्या तबकडीपुढे १८० आकडा दिसला पाहिजे.

मॉनिटरच्या पडद्याखाली मधोमध जॉयस्टिकचं बटण आहे, मेनू त्यावरच चालतो. तिथे तीन गोष्टी बदला. स्मार्ट एनर्जी सेव्हिंग बंद करा, नाहीतर ब्राइटनेस आपोआप खालीवर होत राहतो आणि पडदा निस्तेज वाटतो. ॲडॅप्टिव्ह सिंक चालू करा. रिस्पॉन्स टाइममध्ये ऑफ, नॉर्मल, फास्ट आणि फास्टर असे पर्याय येतात, त्यांतला 'फास्ट' ठेवा. 'फास्टर' नावावरून मोह होतो, आणि खोक्यावरचा १ मिलिसेकंद गाठायचा तो तिथेच. पण त्यात पिक्सेलला इतका जोराचा धक्का दिला जातो की तो हव्या त्या रंगाच्या पलीकडे जाऊन परत येतो. हलणाऱ्या वस्तूमागे मग फिकट, उजळ कड दिसते. फ्रेम कमी पडल्या की ही कड आणखी वाढते, कारण ओव्हरड्राइव्ह १८० च्या हिशेबाने बसवलेला असतो आणि ७०-८० एफपीएसला (सेकंदाला तेवढ्या फ्रेम असताना) तोच धक्का जास्त होतो. महागडे मॉनिटर हा जोर दरानुसार कमी-जास्त करतात, या किमतीत ती अपेक्षा ठेवू नये. जड गेम खेळणाऱ्यांनी 'नॉर्मल'ही लावून बघावं.

सिंक चालू असताना सेकंदाला किती फ्रेम याच्यावर मर्यादा घाला. १८० हर्ट्झला १७१ फ्रेम, १६५ ला १५७, १४४ ला १३८. एनव्हिडियाची रिफ्लेक्स ही उशीर कमी करणारी सोयही साधारण याच आकड्यांवर फ्रेम रोखते. एफपीएस १८० ला जाऊन भिडले की सिंकची हद्द संपते, आणि मग चित्र तरी फाटतं किंवा व्ही-सिंकमुळे (चित्र फाटू नये म्हणून फ्रेम थांबवून ठेवणाऱ्या सेटिंगमुळे) उशीर तरी वाढतो. एचडीआरचं (जास्त उजळ पांढरा आणि जास्त गडद काळा दाखवण्याच्या सोयीचं) म्हणाल तर तो या मॉनिटरमध्ये नावापुरता. ३०० निट इतक्याच उजेडाच्या पॅनेलला सिग्नल कळतो, दाखवता येत नाही. विंडोजमध्ये तो बंदच ठेवा, नाहीतर सगळं पांढुरकं होतं.

स्टँडकडे येऊ. बसल्यावर पडद्याची वरची कड नजरेच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. या स्टँडवर पडदा इतका ठेंगणा राहतो की उंच माणसाची मान सतत झुकलेली. फुकटचा उपाय म्हणजे ए-फोर कागदाची रिमं. ५०० पानांचं एक रिम साधारण ५ सेंटिमीटर जाड असतं. दोन ठेवली की काम होतं. नीट करायचं तर मागे १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं (आर्म बसवायची ठरावीक मापाची भोकं) आहेत, त्यांना एम-४ चे स्क्रू लागतात. २४ इंची मॉनिटर स्टँडशिवाय साधारण ३ किलोचा भरतो, त्यामुळे साधा क्लॅम्पचा आर्म पुरतो. मात्र टेबलाची फळी पार्टिकल बोर्डची असेल तर क्लॅम्पच्या वर-खाली प्लायचा तुकडा घाला, नाहीतर फळी दबते, फुगते आणि वर्षभरात भुसा सांडायला लागते. हे सगळं नको असेल तर याच घराण्यातला २४जीएस६५एफ बघा. त्याचा स्टँड वर-खाली होतो आणि पडदा उभाही फिरतो. दोघांच्या किमतीतला फरक आर्मच्या किमतीपेक्षा कमी असेल तर ६५एफ घेण्यातच शहाणपण.

'त्याच पैशात २७ इंची येतोय की' हा मोह घरोघरी होतो. २७ इंचावर १०८० ताणलं की एका इंचात ८२ पिक्सेल उरतात, २४ इंचावर ते ९२ असतात. गेममध्ये एक वेळ चालून जाईल, पण एक्सेलमध्ये आणि देवनागरी वाचताना मात्रा, रफार फाटल्यासारखे दिसतात. २७ इंच घ्यायचाच असेल तर १४४० चा घ्या, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्डाला १०८० च्या पावणेदोनपटीहून थोडे जास्त पिक्सेल रंगवावे लागतील हे धरून चाला.

कार्डाचं गणित २४ इंचालाही चुकत नाही. व्हॅलोरंटसारखा हलका गेम जीटीएक्स १६५० वरही कमी सेटिंगला १४४ च्या पुढे जातो, तिथे हा मॉनिटर पैसे वसूल करून देतो. सायबरपंक त्याच कार्डावर साठीही धड गाठत नाही. एल्डन रिंग तर कार्ड कितीही दणकट असलं तरी ६० वर बांधलेला आहे. असेच गेम खेळत असाल तर आधी कार्डाकडे बघा. पीएस५ जोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की त्यावर १२० च्या वर काही मिळत नाही आणि त्याचं व्हीआरआर, म्हणजे सिंकच, एचडीएमआय २.१ शिवाय चालत नाही. एक्सबॉक्स सिरीज एस आणि एक्स मात्र साध्या एचडीएमआयवरही फ्रीसिंक घेतात.

कुठून घ्यावा? मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास घेतलात तर दुकानातच मॉनिटर लावून बघता येतो, आणि पिक्सेल तपासायला तो मोठाच फायदा. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा, सील आणि सीरियल नंबर दिसतील असा. बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावरचा सीरियल नंबर मॉनिटरच्या पाठीवरच्या नंबराशी जुळवा.

घरी आल्यावर त्याच दिवशी काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच कोरे पडदे पूर्ण आकारात लावून बघा. पांढऱ्यावर काळा ठिपका म्हणजे मेलेला पिक्सेल, काळ्यावर रंगीत ठिपका म्हणजे अडकलेला. मग रात्री खोलीत अंधार करून काळा पडदा लावा. कोपऱ्यात पिवळट उजेड दिसेल. डोकं बाजूला नेल्यावर तो सरकला किंवा फिका झाला तर तो आयपीएसचा ग्लो, प्रत्येक पीसमध्ये थोडाफार असतोच. जागचा हलला नाही तर बॅकलाइट गळतोय. एखाद-दुसऱ्या पिक्सेलसाठी कंपन्या वॉरंटीत पॅनेल सहसा बदलून देत नाहीत, म्हणून मागायचं ते विक्रेत्याकडे, बदलीच्या मुदतीत. ती बऱ्याच ठिकाणी सातच दिवसांची असते. तोवर खोकं आणि आतलं थर्माकोल माळ्यावर टाकू नका.