कडकनाथच्या नावाखाली वांझ अंडी, ६० मधून एक पण पिल्लू नाही

कोंबडी मला नवीन नाही, हे आधीच सांगते. आम्ही अमळनेर तालुक्यातले, घरी सासूबाईंच्या वेळेपासून दहा-बारा गावरान कोंबड्या असतातच, एखादी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की खाली अकरा अंडी ठेवायची आणि एकवीस दिवसांनी पिल्लं मोजायची, एवढं सगळं हातातलं. तरी पण मी फसले, म्हणून हे लिहितेय, कारण ज्यांना यातलं काहीच माहीत नाही ते तर अजून सहज फसतील.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. मोबाईलवर एका माणसाचे व्हिडिओ यायचे, कडकनाथची, म्हणजे त्या काळ्या कोंबडीच्या जातीची, उबवणीची अंडी, सोबत साठ अंडी उबवायचं मशीन, नव्वद टक्के हॅचिंगची म्हणजे पिल्लं निघायची गॅरंटी, माल झाबुआचा ओरिजिनल. आता झाबुआ आमच्यापासून तसं फार लांब नाही, शिरपूर ओलांडलं की मध्य प्रदेश लागतोच, आणि झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद, मिळालाय हे पण मी वाचलेलं, त्यामुळे नाव ऐकूनच विश्वास बसला. २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या स्कीममध्ये शेतकऱ्यांचे पैसे बुडाले ते पण माहीत होतं. पण मी विचार केला की ती मोठी स्कीम होती, पक्षी घ्या आम्ही अंडी परत घेतो वगैरे, आणि इथं तर मी पैसे देऊन अंडी घेतेय, रोखीचा व्यवहार, यात काय फसणार. हीच माझी चूक झाली.

बचत गटातून दहा हजार उचलले. मशीनचे ६,५०० आणि ४० रुपयाला एक याप्रमाणे ६० अंड्यांचे २,४००, सगळे आधी फोन पेवर. पार्सल आलं, पॅकिंग एकदम छान, अंडी बदामी रंगाची, एक पण फुटलेलं नाही. एक दिवस स्थिर ठेवून मग मशीनमध्ये लावली. तापमान ३७.५, पाण्याचा ट्रे भरलेला, प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे फिरवलं की कळतं, आणि दिवसातून पाच वेळा फिरवायचं. मी वहीत वेळ आणि तापमान लिहून ठेवायचे, लाईट गेली तर किती मिनिटं गेली ते पण. आपल्याकडे लाईटचा काय भरोसा, म्हणून गोधड्या बाजूलाच काढून ठेवलेल्या, लाईट गेली की लगेच मशीनवर.

सातव्या दिवशी रात्री अंधारात टॉर्च लावून बघितलं. फळलेलं, म्हणजे कोंबड्यामुळे जीव धरलेलं अंडं असेल तर सातव्या दिवशी आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काळा ठिपका स्वच्छ दिसतो. इथं साठच्या साठ अंडी नुसती पिवळी, कंदिलाच्या काचेसारखी. मी लगेच फोन केला तर म्हणतो, ताई कडकनाथचं कवच जाड असतं, टॉर्चमधून दिसत नाही, तुम्ही एकवीस दिवस धीर धरा, सारखं उघडून बघू नका, त्यानंच पिल्लं मरतात. बघा किती गोड बोलतो. खरं तर हे एकवीस दिवस त्यालाच पाहिजे असतात, कारण तेवढ्यात आपण तक्रार करत नाही आणि तो पुढचे गिऱ्हाईक करून मोकळा होतो.

एकविसावा दिवस गेला, तेविसावा गेला, काही नाही. परत फोन केला तेव्हा त्याचा सूरच बदलला, तुमच्याकडे लाईट जाते ना, मग अंडी गार पडली असणार, नाहीतर फिरवायला कोणीतरी विसरलं असणार, गॅरंटी बरोबर हाताळणाऱ्यालाच आहे. पण तुम्ही गरीब घरच्या दिसता, तुम्हाला नवीन ३० अंडी अर्ध्या किमतीत देतो. आणि मी ६०० रुपये पाठवून पण दिले! फोन ठेवला आणि सासूबाईंवर चिडले, कारण मी कापूस वेचायला जायचे तेव्हा दुपारचं फिरवणं त्यांच्याकडे होतं. म्हटलं आत्या, तुम्ही विसरला असाल. त्या काही बोलल्या नाहीत, दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पैशापेक्षा मला हे जास्त लागलंय, कारण त्या माणसानं माझ्या तोंडून माझ्याच घरच्या माणसाला दोष देववला.

तिसऱ्या दिवशी सासूबाईच परसात बसून एकेक अंडं फोडायला लागल्या. दहा फोडली, वीस फोडली. मग मला हाक मारून म्हणाल्या, "या अंडास्मा जीवच नही व्हता वं बाई."

खरंच नव्हता. एकातही पिल्लू नाही, रक्त नाही, काही नाही, नुसता पातळ झालेला बलक. मी वही आणि उरलेली अंडी घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी समजावलं ते नीट वाचा, कारण विकणारा नेमकं इथंच आपल्याला गोंधळात टाकतो. मशीनमध्ये गरमी-गारवा कमीजास्त झाला तर जीव धरलेलं अंडं मधेच मरतं, मग टॉर्चमध्ये रक्ताचं लाल कडं दिसतं, नाहीतर फोडल्यावर अर्धवट वाढलेलं पिल्लू सापडतं, आणि सहसा सगळी एकाच दिवशी मरत नाहीत, कोणी पाचव्याला कोणी अठराव्याला. साठपैकी एकातही काहीच खूण नाही म्हणजे अंडी बहुतेक मुळात फळलेलीच नव्हती. पार्सलच्या धक्क्यानं किंवा उन्हानं चांगली अंडी पण खराब होतात, ते खरं आहे, म्हणून ते म्हणाले नवीन लॉट आला की सोबत घरची अंडी लावा, म्हणजे दूध का दूध होईल.

तसंच केलं. ३० अंडी आली त्यातली दोन आधी फोडून ताटलीत घेतली, शेजारी घरचं एक. घरच्या बलकावर पांढरा ठिपका होता त्याच्याभोवती गोल कडं, आणि त्या माणसाच्या दोन्ही अंड्यांवर नुसता बारीक घट्ट ठिपका, कडं नाही. मग पेन्सिलनं "घ" म्हणजे घरचं आणि "बा" म्हणजे बाहेरचं असं लिहून खुडूक कोंबडीखाली ५ घ आणि ६ बा, आणि मशीनमध्ये २० घ आणि २२ बा. आमच्याकडे नऊ कोंबड्यांना एक कोंबडा आहे, त्यात पण मी वाडीतल्या दोन घरची अंडी घेतली, सगळी आठ दिवसांच्या आतली. तेच मशीन, तीच लाईट, फिरवणारे हात पण तेच, दुपारचं सासूबाईच करायच्या.

आठवड्यानं कोंबडी दाणा खायला उठली तर तिच्याखालच्या "बा" अंड्यांचा बदामी रंग ठिकठिकाणी उडालेला आणि खालून पांढरंफटक. ओल्या फडक्यानं पुसलं तर फडकं चहासारखं झालं. पोल्ट्रीची साधी पांढरी अंडी रंगवलेली! दुकानात सहा-सात रुपयाला मिळतात ती. लेयर फार्मवर, म्हणजे खायच्या अंड्यांच्या पोल्ट्रीत, कोंबडा ठेवतच नाहीत, तिथलं अंडं जगातल्या कुठल्याही मशीनमध्ये ठेवा, पिल्लू येणारच नाही. नंतर मी त्याचा जुना व्हिडिओ परत थांबवून थांबवून बघितला तर तो बोलतोय त्याच्या मागे पिंजऱ्यांच्या रांगा आणि त्यात पांढऱ्या कोंबड्या दिसतात. हे मला आधी का दिसलं नाही? अजून एक, कोणी काळं अंडं कडकनाथचं म्हणून दाखवत असेल तर तिथूनच परत फिरा, पक्षी काळा असतो पण अंडं फिकट बदामीच असतं.

निकाल सांगते. कोंबडीखालच्या ५ घरच्या अंड्यांतून ५ पिल्लं, मशीनमधल्या २० मधून १५. "बा" लिहिलेल्या २८ मधून एक पण नाही. मशीन चांगलं निघालं एवढंच, पण ६५०० चं ते नाही, तसंच मशीन शेजारच्या गावात एकानं बरंच कमी पैशात घेतलंय.

फोटो पाठवले तर त्यानं नंबर ब्लॉक केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस स्टेशनला पण लिहून दिलं, वही आणि फोन पेचे स्क्रीनशॉट जोडले. पैसे गेल्या गेल्या १९३० ला फोन केला तर ते पैसे अडवायचा प्रयत्न करू शकतात, मला दीड महिना होऊन गेला होता, अजून तरी काही परत आलेलं नाही. गटाचा हप्ता भरतेच आहे.

गटाच्या मीटिंगला मी ती उडालेल्या रंगाची अंडी आणि टॉर्च घेऊन गेले. दोघींनी त्याच माणसाला अॅडव्हान्स द्यायचं ठरवलं होतं, एकीचा तर नवरा त्याच संध्याकाळी पैसे टाकणार होता, ते थांबलं. कडकनाथ पाहिजेच असेल तर आधी दवाखान्यात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा, संभाजीनगरला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे तिथं पण चौकशी करता येते. आणि खाजगी माणसाकडून घ्यायचंच तर जाऊन कोंबडा-कोंबड्या डोळ्यांनी बघा, पहिल्यांदा दहाच अंडी घ्या, सोबत घरची दहा लावा.

सासूबाईंची मी माफी मागितली. २० पैकी १७ पिल्लं जगलीत, राणीखेत रोगाची लासोटा लस सातव्या दिवशी दिली, आता परसात उकरत फिरतात.

तुमच्याकडे अशी पार्सलनं आलेली अंडी आत्ता मशीनमध्ये असतील आणि सातवा दिवस उलटला असेल तर आज रात्रीच टॉर्च लावून बघा, आणि तो काही पण म्हणाला तरी एकवीस दिवस थांबू नका.