ब्रश कटर: एक पावसाळा वापरून झाल्यावर

पुण्यात पाषाण-बावधनकडचे अकरा बंगले आणि दोन सोसायट्या, एवढी माझी लॉनची कामं. श्रावणात शेवटच्या बंगल्याचं गवत कापून होईस्तोवर पहिल्या बंगल्याचा फोन आलेला असतो. म्हणून मे महिन्यात जुनं टू-स्ट्रोक मशिन (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणारं) काढलं आणि होंडाच्या जीएक्स ३५ इंजिनचा ब्रश कटर घेतला, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीने गवत कापणारं मशिन. ३५.८ सीसी, फोर-स्ट्रोक.

मोठं सुख म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट गेली. जुन्या मशिनमध्ये हाताखालच्या पोराने एकदा नुसतं पेट्रोल भरलं आणि पिस्टन जाम झाला. आता ऑइल वेगळं, १०० मिलिच लागतं. पहिल्यांदा १० तासांनी, मग दर ५० तासांनी बदलायचं. मी टाकीवर मार्करने तारीख लिहून ठेवतो. निळा धूर नाही, त्यामुळे गॅलरीतून कोणी ओरडत नाही. (आवाजावरून ओरडतात, ते चालूच आहे.)

माझं भांडण इंजिनशी नाही, दुकानदाराने सोबत दिलेल्या हेडशी आहे, म्हणजे टोकाला दोरी गुंडाळलेली असते त्या डबीशी. जमिनीवर टेकवलं की दोरी पुढे यायला हवी, ती आतच रुतून बसायची. हेड उघडा, सोडवा, पुन्हा गुंडाळा. एका बंगल्यात चार वेळा हा खेळ झाला, तेव्हा चिडून दुसरं हेड आणलं. शिवाय दोरी आदल्या रात्री बादलीत भिजत घालतो. नायलॉन पाणी पितं, नरम राहतं, दगडी कडेला लागून पटापट तुटत नाही.

कार्पेट लॉनच्या (गालिच्यासारख्या बारीक हिरवळीच्या) मधल्या भागात मात्र हे मशिन नेऊ नका. हात जरा खाली गेला की टक्कल. तिथे रोटरी मोवरच, म्हणजे आडवं पातं फिरणारं, चाकांवर ढकलायचं मशिन. मी आधी मोवर फिरवून मग कडा घ्यायचो आणि उडालेलं गवत झाडत बसायचो. आता उलटं करतो: कडा, झाडांची आळी, कंपाउंड आधी ब्रश कटरने, मग मोवर. बरंचसं गवत मोवरच्या डब्यातच जातं. ज्या बंगल्याला पावणेदोन तास लागायचे तो सव्वा तासात होतो, आणि त्यातला निम्मा फायदा या उलट्या क्रमाचा आहे, नव्या मशिनचा नाही.

पार्किंगजवळ काम असेल तर उडणारे खडे अडवायला दोन बांबूंना हिरवी शेडनेट बांधून पोरगा माझ्यासोबत सरकत राहतो. गाडीच्या काचेचे पैसे एकदा भरून झालेत.