पाच वर्षं दोघांचीही, पण कर्नल जागेवर राहतं कुणाचं?

दुकानाच्या पीसीवर लिनक्सचं डेबियन टाकावं की उबुंटू एलटीएस (लांब मुदतीची आवृत्ती), असं विचारलं की बोलणं आधी सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळतील त्यावर येतं. तिथे फार फरक नाही. उबुंटू २२.०४ला २०२७पर्यंत पाच वर्षं. डेबियन १२ला जून २०२६पर्यंत तीन, पुढची दोन एलटीएस टीमची. उबुंटू प्रो ही वाढीव सपोर्टची योजना घेतली तर दहा, तेही वैयक्तिक वापराच्या पाच मशीनपर्यंत फुकट. नुसती वर्षं मोजायची तर उबुंटूच पुढे.

माझं घोडं अडलं ते दुसरीकडे. कर्नल म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टीमचा गाभा. उबुंटू डेस्कटॉपवर मुळात एचडब्ल्यूई कर्नल येतं, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठी अधूनमधून पुढच्या आवृत्तीवर जाणारं. २२.०४ सुरू झालं ५.१५वर; मग ५.१९, ६.२, ६.५ करत ६.८वर थांबलं. नव्याकोऱ्या लॅपटॉपला हे सोयीचंच. पण दाजींच्या मेडिकलमधल्या बिलिंगच्या पीसीला स्वस्तातला वायफाय डोंगल आहे. त्याचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा, डीकेएमएसने (कर्नल बदललं की ड्रायव्हर पुन्हा बनवणारं साधन) बिल्ड होणारा, आणि बनवणाऱ्याने कधीच वाऱ्यावर सोडलेला. ६.२चं ६.५ झालं त्या सकाळी ड्रायव्हरचं मॉड्यूल बिल्डच झालं नाही, मेनूतून वायफाय गायब. काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि मी फोनवर, "दाजी, चालू होताना एस्केप दाबा. एकदाच!" त्यांनी तीनदा दाबलं, काळ्या पडद्यावर नुसता ग्रबचा, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रॉम्प्ट. मागचं कर्नल हाती लागेपर्यंत अर्धा तास गेला.

दोष डोंगलचा, कबूल. शिवाय एचडब्ल्यूईचं पॅकेज काढून साधं जेनेरिक ठेवलं तर ५.१५वरच राहता येतं. मला ते नंतर कळलं.

डेबियन १२वर कर्नल पहिल्यापासून ६.१. अपडेट येतात, डीकेएमएस मॉड्यूल पुन्हा बिल्ड करतं, पण आतलं फारसं हललेलं नसल्याने माझ्याकडे तरी ते निमूट होतं. अगदी निर्धोक म्हणणार नाही: डिसेंबर २०२३मध्ये ६.१.६४मधल्या ईएक्सटी४च्या (डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीच्या) बगमुळे १२.३च्या आयएसओ (इन्स्टॉलच्या फाइली) थांबवून लगेच १२.४ काढावं लागलं होतं.

तुमचं हार्डवेअर यंदाचं असेल तर उबुंटूच बघा. दाजींकडे मात्र आता डेबियन आहे, डोंगल तोच. डेबियन १३वर गेलं की ६.१२ येईल आणि ड्रायव्हर पुन्हा रुसेलही, पण तो दिवस मी ठरवणार, दुकान बंद असताना.