लाल लाईटवर दाखवलेला ओ-ई कन्व्हर्टर घेऊ नका

स्कोपला (ऑसिलोस्कोप, सिग्नलची लहर स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) जोडायचा ओ-ई कन्व्हर्टर, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधला प्रकाश विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी, नवी घ्यायची तर भाव लाखांत जातो. त्यामुळे नाशकात अंबडच्या आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांची नजर सेकंडहँड मालावर असते, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. आम्हाला ६५ हजारांना टोपी घातली ती अशी.

डबीवर स्टिकर होता: ९०० ते १७०० नॅनोमीटर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश चालतो), २ गिगाहर्ट्झ (किती वेगवान सिग्नल झेपतो). माणूस स्वतः वर्कशॉपवर आला आणि डेमो दिला, तोही आमच्याच स्कोपवर. खिशातून फायबर तपासायचं लाल पेन काढलं, ब्लिंकवर टाकलं, पॅचकॉर्डने (फायबरची छोटी जोडवायर) डबीला जोडलं. स्क्रीनवर काही व्होल्टची स्वच्छ चौकोनी लहर! "बघा साहेब, एकदम कडक पीस." यूपीआयने पैसे घेतले, बिल "उद्या पाठवतो" म्हणाला.

गोम त्या पेनातच होती. लाल पेन ६५० नॅनोमीटरचं. तो प्रकाश साध्या, स्वस्त सिलिकॉन फोटोडायोडलाही (प्रकाश पडला की करंट देणारा पार्ट) छान दिसतो. टेलिकॉमचं काम मात्र १३१० आणि १५५० नॅनोमीटरवर चालतं, आणि सिलिकॉन ११०० च्या पुढे आंधळा. तिथे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डायोड लागतो; पैसे मोजायचे ते त्याचे. उलट स्टिकर खरा असता तर लाल लाईटवर एवढी दणदणीत लहर यायलाच नको होती.

दुसरी चलाखी स्कोपच्या सेटिंगमध्ये. इनपुटचा रेझिस्टन्स त्याने १ मेगाओहमवर ठेवला होता. तिथे चिमूटभर करंटचेही व्होल्ट दिसतात. पण मीटरभर केबलची कपॅसिटन्स धरली तर बँडविड्थ, म्हणजे दिसू शकणाऱ्या सिग्नलच्या वेगाची मर्यादा, उरते जेमतेम दीड किलोहर्ट्झ. सेकंदाला एक-दोनदा लुकलुकणाऱ्या पेनाला ती भरपूर झाली. ५० ओहमवर टाकल्यावर तीच लहर मिलिव्होल्टांवर आली.

१३१० ची एसएफपी (फायबरमध्ये सिग्नलचा प्रकाश सोडणारं टेलिकॉमचं छोटं मॉड्यूल) लावली तर सरळ रेघ. प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर उणे ६ डीबीएम (पाव मिलिवॉट) दाखवत होता, म्हणजे प्रकाश येत होता. फोनवर उत्तर मिळालं, "कनेक्टर पुसा." मग, "तुमची एसएफपी गेलीय." मग फोनच बंद. डबी उघडली तर आत एक डायोड, ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन-चार किरकोळ पार्ट. अ‍ॅम्प्लिफायरचा पत्ता नाही.

डेमो घ्याल तर सोर्स आपला लावा, १३१० किंवा १५५० चा, सिग्नल वेगवान, स्कोप ५० ओहमवर. सीरियल नंबर कंपनीला मेल करून विचारा. जीएसटी बिल हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. फसलातच तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) त्याच दिवशी फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच काही हाती लागतं.

आणि प्रकाश येतोय का ते फायबरला डोळा लावून बघू नका. १३१० दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. पॉवर मीटर लावा.