टिरो देवनागरी मराठी: साइटवर सहा महिने वापरून

मी मुद्रितशोधक. पानावरचा बिघडलेला रफार मला चष्म्याशिवायही टोचतो. म्हणून स्वतःच्या लेखांची साइट करायला घेतली, तेव्हा फाँट निवडण्यातच आठवडा गेला. गूगल फाँट्सवर नमुना भल्यामोठ्या अक्षरांत दिसतो आणि त्या आकारात सगळेच फाँट देखणे वाटतात. मी तिथे माझे शब्द टाकले (कर्तृत्व, उद्धृत, वाङ्मय, कुऱ्हाड), आकार कमी केला आणि फोनवर पाहिलं. बरेचसे तिथेच गळले.

उरला तो टिरो. जॉन हडसन आणि फिओना रॉस या अक्षररचनाकारांचं काम. हिंदी, मराठी, संस्कृत अशी तीन रूपं, फुकट. मराठी रूपात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपोआप येतात. काही फाँटमध्ये पानाला ‘एमआर’ ही भाषेची खूण लावली तरच ते उमटतात, आणि ती खूण लावायची आठवण किती जणांना राहते? (टिरो वापरलात तरी ती लावाच, पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला लागते.) जोडाक्षरं पुस्तकातल्यासारखी घट्ट बसतात.

आकाराचं मात्र मी चुकले. ब्राउझरचे नेहमीचे 16 पिक्सेल तसेच ठेवले. या फाँटच्या बारीक रेषा तेवढ्यात फिकट पडतात. ‘घ’ आणि ‘ध’ ओळखायला थांबावं लागलं. आता मजकूर 1.25 रेम, म्हणजे साधारण 20 पिक्सेल, आणि ओळीची उंची 1.7. इंग्रजी थीममधली 1.4 उंची आपल्याला पुरत नाही: वरच्या ओळीतला ‘तृ’ खालच्या वेलांटीवर येऊन बसतो. रेम म्हणजे ब्राउझरच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीतलं माप. ते अशासाठी, की कुणी ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवलं असेल तर माझ्या साइटनेही ते ऐकावं. पिक्सेल ऐकत नाहीत.

मोठी खोट एकच: ठळक वजन, म्हणजे जाड रेषांचं रूप, नाही. साधं आणि तिरकं, बस. मथळा ठळक मागितला की ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो आणि ‘क्ष’चं पोट बुजतं. पहिले दोन दिवस मी फाँटलाच नावं ठेवत होते! मग साइटच्या सीएसएसमध्ये (दिसण्याचे नियम असतात ती फाइल) ‘फाँट-सिंथेसिस: नन’ लिहिलं, म्हणजे ब्राउझरचं हे फुगवणं बंद, आणि मथळ्यांना मुक्ता हा दुसरा देवनागरी फाँट दिला, 700 वजनाचा. मुक्तात 200 ते 800 अशी सात वजनं आहेत, पण मी दोनच घेतली. प्रत्येक वजन म्हणजे वाचणाऱ्याच्या फोनवर उतरणारी आणखी एक फाइल. तिरकं रूप घेतलंच नाही. तिरकी देवनागरी मला पडायला आलेल्या कुंपणासारखी दिसते.

अजून एक चटका थीमने दिला. मथळ्यांना तिने आधीच लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा जागा, लावलेलं होतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसत असेल, आपल्याकडे शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. ते शून्य केलं.

लांब लेख, कथा, कविता असतील तर टिरो डोळे मिटून घ्या. फॉर्म, बटणं, तक्ते असतील तर नको. तिथे मुक्ताच बरा, आणि फॉर्मच्या रकान्यातलं अक्षर 16 पिक्सेलच्या खाली नेऊ नका, नाहीतर आयफोनवर रकान्यात बोट ठेवलं की सगळं पान आपोआप मोठं होऊन अंगावर येतं.